दुरावलेली गावे जोडणारा पाळक : ओबरलिन

फ्रान्स देशाच्या पूर्वेस आल्सास नामक प्रांत आहे. तेथील व्होज पर्वताच्या एका खडकाळ दरीत १७६७ साली योहान फ्रीडरिख ओबरलिन हे तरुण पाळक मंडळीची सेवा करावयास आले. त्यांचा जन्म १७४० साली स्ट्रासबुर्ग शहरी एका शिक्षकाच्या घरी झाला होता. मंडळी पाच गावांत विखुरलेली असून पाळकाचे घर वॉल्डर्सबाख येथे होते. हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद पडत. जमीन हलकी व दारिद्र्य फार. बाहेरच्या जगाशी संबंध नाही, आणि नव्या पाळकाविषयी कित्येकांच्या मनात संशय.

काही जणांनी त्यांस वाटेत गाठून मारण्याचा बेत केला होता, असे सांगतात. ओबरलिन यांस हे कळले, तेव्हा उपासना संपताच ते एकटेच त्या लोकांच्या बैठकीत जाऊन उभे राहिले. ते लोक लज्जित झाले, व पुढे त्यांचे स्नेही बनले.

दरीतून बाहेर जाण्यास धड रस्ता नव्हता. तो आपण बांधावा, असे ओबरलिन यांनी सुचविले, तेव्हा हे काम अशक्य म्हणून लोकांनी माना हलविल्या. त्यावर पाळकाने वाद घातला नाही. त्यांनी कुदळ खांद्यावर टाकली व स्वतः खणावयास आरंभ केला. एकामागून एक माणसे येऊन मिळाली. रस्ता झाला, ब्रूश नदीवर लाकडी पूल झाला, आणि त्या पुलास प्रीतीचा पूल असे नाव पडले.

पुढे गावोगाव शाळा निघाल्या. आईबाप शेतावर गेले असता लहान मुलांस एकत्र जमवून शिकविण्याचे काम गावातील तरुण स्त्रिया करू लागल्या. त्यांपैकी लुईझ शेपलर हिने, १७८३ साली ओबरलिन यांची पत्नी वारल्यावर, त्यांच्या पोरक्या मुलांचाही सांभाळ केला. पुढे तिने वेतन घेण्याचेही सोडून दिले. गरजूंस कर्ज मिळावे म्हणून निधी उभारण्यात आला. रानाच्या हक्काविषयी पिढ्यान्‌पिढ्या चाललेला खटला १८१३ साली ओबरलिन यांच्या खटपटीने आपसात मिटला. आपल्या मंडळीतील माणसांसाठी ते नावे घेऊन प्रार्थना करीत. रोमन कॅथलिक शेजाऱ्यांसही ते परके मानीत नसत.

एकोणसाठ वर्षे त्याच दरीत सेवा करून १ जून १८२६ रोजी ते प्रभूमध्ये निजले. फूदे येथे त्यांस मूठमाती देण्यात आली. त्या दिवशी गावोगावचे लोक प्रेतयात्रेत चालले, आणि त्यांत कॅथलिक शेजारीही शोक करीत होते.

प्रिय वाचकहो, आपल्या गावातही कोणा शेजाऱ्याकडे जाणारी वाट बुजली असेल. समोरच्याने आधी यावे म्हणून आपण वाट पाहत बसलो, तर ती कधीच मोकळी होणार नाही. पहिली कुदळ कोणी तरी उचलली पाहिजे.