बॅरिस्टर बाबासाहेब : पाणी, काम आणि कायदा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राज्यघटना येते. पण घटना समितीत जाण्याआधी कितीतरी वर्षे ते मुंबईत वकिली करत होते आणि त्यांचा प्रपंच बऱ्याच अंशी त्या कमाईवर चालत होता. या वकिलीविषयी आपल्याकडे कमी बोलले जाते. माणसाला काम कोणत्या अटींवर मिळते आणि सार्वजनिक जागेवरचा त्याचा हक्क न्यायालयात कसा टिकतो, या दोन प्रश्नांवर त्यांनी आपले कायद्याचे ज्ञान खर्च केले. त्यातल्या पहिल्या प्रश्नाचा धडा त्यांना आपल्या बडोद्यातच मिळाला, म्हणून आम्ही हा लेख मंडळाच्या सभासदांसाठी लिहीत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळच्या महू छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी लष्करात होते. मूळ गाव कोकणातले आंबडवे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पदवीनंतर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण वडिलांच्या आजारपणामुळे लगेच परतावे लागले. २ फेब्रुवारीला वडील गेले. त्याच वर्षी महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. पुढे लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी असे दोन्ही अभ्यास सुरू केले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये ते अर्धवट सोडून यावे लागले.

करार पाळण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यात आले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांची नेमणूक झाली. हुद्दा होता, पगार होता. राहायला खोली मात्र नव्हती. हिंदू खाणावळीत जात कळल्यावर थारा मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. शेवटी एका पारशी उतारूगृहात रोज दीड रुपया भाड्याने, पारशी नाव सांगून ते राहिले. कचेरीत पट्टेवाले कागद हातात न देता लांबून टाकत. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले दहाबारा पारशी जिन्याने वर आले आणि त्यांनी जाब विचारला. बाबासाहेबांनी आठ दिवसांची मुदत मागितली, मिळाली संध्याकाळपर्यंतची. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन ओळखीच्यांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही अडचण सांगितली. मग कमाटी बागेत जाऊन ते बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून गेले. आज त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून आणि काही उसने घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर झाले, डॉक्टरेटही मिळवली. १९२३ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टाची सनद घेतली. पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर कामे पाठवत नसत. जिल्ह्याच्या गावांतली आणि गरिबांची कामे हाच आधार होता. जोडीला बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये ते व्यापारी कायदा शिकवत. आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसांना याचे अप्रूप वाटते. १९२६ मध्ये पुण्यातल्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरून झालेल्या खटल्यात बागडे, जेधे आणि जवळकर यांच्या बाजूने ते अपिलात उभे राहिले आणि जिंकले. तेव्हापासून त्यांचे नाव वकिलांत घेतले जाऊ लागले.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत लांबलेला दावा मात्र त्यांच्यावरच झालेला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला. त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. हे आपण सर्व जाणतो. पुढचे फारसे सांगितले जात नाही. लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रह पुन्हा ठरला, तेव्हा महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव हा फार जुना रिवाज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रतिवादींत पहिले नाव बाबासाहेबांचे. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

त्या वेळी परिषदेला हजारो माणसे तयारीने आली होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबायला सांगितले. मनाई हुकूम मोडला असता तर कायदा आपल्या बाजूचा आहे, हे दाखवायची संधीच गेली असती. त्यांनी सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. महाड कोर्टाचा निकाल १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ मध्ये आणि हायकोर्टाचा १७ मार्च १९३७ रोजी लागला. तिन्ही ठिकाणी वादी हरले. खाजगी मालकी सिद्ध झाली नाही आणि रिवाज कायद्याला मान्य होईल इतका पुरातन असल्याचेही सिद्ध झाले नाही. हायकोर्टाच्या खंडपीठात न्या. ब्रूमफिल्ड होते, १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच न्यायाधीश. एका ओंजळभर पाण्याला कायद्याचा शिक्का मिळायला दहा वर्षे लागली.

त्याच काळात दुसरा लढा कामाच्या अटींचा होता. महार वतन हे नावाला वतन. सरकारी कामासाठी वतनदाराला दिवसरात्र केव्हाही बोलवावे, तो नसेल तर घरच्या माणसाला जुंपावे आणि मोबदला तुटपुंजा द्यावा, अशी रीत होती. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. ज्याला नको त्याने पूर्ण सारा भरून जमीन ठेवावी आणि चाकरीतून मोकळे व्हावे, असे त्यात होते. विधेयकाचे मूळ रूप राहीना, तेव्हा त्यांनी ते मागे घेतले. या वतनांचा शेवट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. तो पाहायला ते नव्हते.

गिरण्यांतही तीच गोष्ट. विणखात्यात पगार जास्त, पण तिथे सूत तोंडाने ओले करावे लागे म्हणून अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांकडेच त्याचा जाब मागितला. मालकाविरुद्धचा लढा लढताना शेजारच्या कामगारावरचा अन्याय झाकता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ मध्ये औद्योगिक कलहाचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी कायदेमंडळात निव्वळ वकिली मुद्दा मांडला. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग आहे, त्याला गुन्हा ठरवून तुरुंग दाखवला तर ती सक्तीची चाकरी होईल. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला. विधेयक तरीही मंजूर झाले.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो त्यांच्याच प्रयत्नांतून.

घटना त्यांनी एकट्याने लिहिली नाही, पण मसुदा समितीचे अध्यक्ष ते होते. पंधराव्या कलमात विहिरी आणि तळी यांचा नावानिशी उल्लेख आहे. सोळावे कलम सरकारी नोकरीत समान संधी देते. तेविसावे वेठबिगार बंद करते. ही कलमे वाचताना आम्हाला महाडचे तळे, बडोद्याची कचेरी आणि वतनदाराचे घर आठवते.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निर्वाण झाले. सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीचा आपण बडोदेकर रास्त अभिमान बाळगतो. त्याच शहरात त्यांना एक खोली मिळाली नाही, हेही मुलांना तितक्याच स्पष्टपणे सांगावे. आजही भाडेकरूची जात-धर्म विचारून दार लावून घेतले जाते. आपल्या घरच्या दाराशी असे होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.