अंध वेणुवादक याकोब फान आयक

इ. स. १६४९ मधील गोष्ट. हॉलंडमधील उत्रेख्त नगरातल्या सेंट जॉन चर्चच्या चालकांनी आपल्या एका सेवकाचे वेतन ८० गिल्डरांवरून १०० गिल्डर केले. मात्र या वाढीस त्यांनी एक अट जोडली. त्या सेवकाने अधूनमधून सायंकाळच्या वेळी, चर्चच्या आवारात फिरावयास येणाऱ्या लोकांचे आपल्या लहानशा पाव्याच्या वादनाने रंजन करावे, अशी ती अट होती. वेतनवाढीच्या अटी सहसा कठोर असतात. ही अट मात्र घालणाऱ्यास आणि पाळणाऱ्यास सारखीच आनंद देणारी होती. ज्यांच्यासाठी ती घातली गेली ते गृहस्थ जन्मांध होते. त्यांचे नाव याकोब फान आयक.

फान आयक यांचा जन्म इ. स. १५९० च्या सुमारास एका सरदार घराण्यात झाला. त्यांचे बालपण ह्यूस्डेन या तटबंदीच्या लहान गावात गेले. दृष्टी नसल्यामुळे तलवार आणि राजकारण हे घराण्याचे नेहमीचे मार्ग त्यांना बंद होते. परंतु कानांचा मार्ग मोकळा होता, आणि त्याच मार्गाने ते आयुष्यभर चालत राहिले. त्यांना ओढ लागली ती घंटानादाची. त्या देशात उंच मनोऱ्यांतून लहानमोठ्या अनेक घंटा एकत्र टांगलेल्या असतात. प्रत्येक घंटेचा लोलक तारेने खालच्या एका लाकडी दांडीस जोडलेला असतो. वादक मुठींनी या दांड्या आणि पायांनी खालच्या पट्ट्या दाबून संपूर्ण गाणी वाजवितो. हे वादन घरात बसून ऐकावयाचे नसते. सारे गाव ते एकाच वेळी ऐकते आणि वादकाची चूकही साऱ्या गावाला ऐकू जाते.

इ. स. १६२५ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या सुमारास, फान आयक उत्रेख्तच्या प्रसिद्ध डोम मनोऱ्याचे घंटावादक झाले. इ. स. १३८२ मध्ये पूर्ण झालेला हा मनोरा सुमारे ११२ मीटर उंच आहे. त्याच्या शेकडो अरुंद पायऱ्या चढून हा अंध वादक आपल्या वाद्यापाशी जात असे. इ. स. १६२८ मध्ये नगरातील घंटांच्या कामावर देखरेख करण्याचे पदही त्यांच्याकडे आले. आपल्याकडे शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तो हाच काळ, १६३० चा.

घंटेवर एक आघात केला की कानावर एकच स्वर पडला असे आपणास वाटते. वस्तुतः तो अनेक स्वरांचा मेळ असतो. हे स्वर परस्परांशी जुळलेले नसतील तर घंटा बेसूर वाटते. फान आयक घंटेला हातही न लावता, तिच्याजवळ तोंडाने योग्य उंचीचा स्वर काढून तिच्यातील एकेक स्वर जागा करीत. एका तंबोऱ्याची तार छेडली असता शेजारच्या जुळलेल्या तंबोऱ्याची तार आपोआप झंकारते, तोच हा सहकंपनाचा नियम. या कसबाचे नवल तत्त्ववेत्ते देकार्त यांनी इ. स. १६३८ च्या एका पत्रात नोंदविले आहे. पुढे फ्रांस्वा आणि पीटर हेमोनी या ओतकाम करणाऱ्या बंधूंनी फान आयक यांच्या या ज्ञानाचा आधार घेतला. घंटेच्या आतील धातू थोडाथोडा तासून त्यांनी तिचे अंतर्गत स्वर जुळविले, आणि इ. स. १६४४ मध्ये झुत्फेन या गावी सुरेल जुळलेल्या घंटांचा पहिला संच सिद्ध झाला.

घंटा हा त्यांचा व्यवसाय होता. पावा ही त्यांची आवड होती. हा पावा म्हणजे ज्याला इंग्रजीत रेकॉर्डर म्हणतात तो. नाव ऐकून कोणी ध्वनिमुद्रणाचे यंत्र समजू नये. आपल्याकडील अलगुजाप्रमाणे हे वाद्य समोर सरळ धरतात आणि त्याच्या चोचीतून फुंकतात. पुढे सात व मागे अंगठ्यासाठी एक अशी त्यास आठ छिद्रे असतात. मागचे छिद्र अंगठ्याने किंचित उघडले की वरचे सप्तक निघते. फुंकर घालताच आवाज निघत असल्यामुळे हे वाद्य सोपे वाटते. परंतु श्वास थोडा जोरात गेला की स्वर चढतो, मंद झाला की उतरतो. बोट केसभर सरकले तरी हवा निसटून स्वर फाटतो. म्हणून यात सोपा असतो तो पहिला दिवस. पुढचे सारे दिवस साधनेचे असतात.

त्या साधनेचा मार्ग फान आयक यांच्या ग्रंथात दिसतो. ‘देर फ्लाउटेन लुस्टहोफ’, म्हणजे वेणूंचे नंदनवन, या नावाने तो प्रसिद्ध आहे. ॲमस्टरडॅमचे मुद्रक पाउलुस मॅटिस यांनी त्याचा पहिला भाग इ. स. १६४४ मध्ये वेगळ्या नावाने व दुसरा भाग १६४६ मध्ये छापला. १६४९ च्या आवृत्तीपासून पहिल्या भागास हे सुंदर नाव मिळाले. तो भाग त्यांनी आपले दूरचे आप्त, कवी व मुत्सद्दी कॉन्स्टंटाइन हायगेन्स यांना अर्पण केला. शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स यांचे हे वडील. ग्रंथात एकट्या पाव्यासाठी जवळजवळ १५० रचना आहेत. त्या सर्व फान आयक यांनी मुखाने सांगितल्या आणि दुसऱ्याने लिहून घेतल्या. आपलाच ग्रंथ कसा छापला गेला हे ग्रंथकर्त्याला कधीही पाहता आले नाही.

या रचनांच्या मूळ चाली बहुतेक लोकांच्या ओठांवरच्या आहेत: चर्चमध्ये गायिली जाणारी स्तोत्रे, लोकगीते, नृत्याच्या चाली, इंग्लंडचे जॉन डाउलंड व इटलीचे कात्चिनी यांची प्रसिद्ध गाणी. फान आयक प्रथम ती चाल जशीच्या तशी, संथपणे देतात. मग तीच चाल पुन्हा येते, पण दीर्घ स्वरांचे तुकडे होऊन. त्यानंतर आणखी बारीक तुकडे होऊन. समजा, षड्जावर चार मात्रा थांबून पंचमावर जावयाचे आहे. प्रथम वादक तो षड्ज अखंड धरील. दुसऱ्या खेपेस त्या चार मात्रांत ‘सा, ग’ असे दोन स्वर घेऊन पंचमावर जाईल. तिसऱ्या खेपेस ‘सा, रे, ग, म’ अशा चार पायऱ्या चढेल. चौथ्या खेपेस तेवढ्याच वेळात ‘सारे गरे सारे गम’ असे आठ स्वर वाजवून पंचमास भेटेल. स्वर दुप्पट झाले, पण चाल हरवली नाही.

पेटीवर किंवा बासरीवर ‘सारेग, रेगम, गमप’ असे अलंकार घोटून कंटाळलेल्या मुलांनी येथे क्षणभर थांबावे. फान आयक यांच्या द्रुत आवर्तनांत ऐकू येतात ते बहुतांशी असेच चढते-उतरते स्वरसमूह. ज्याची बोटे अलंकारांत तयार झाली आहेत, त्याला ही रचना ओळखीची वाटते. आणि ज्याने अलंकार टाळले, तो दुसऱ्या आवर्तनातच अडखळतो. उलट, नुसते अलंकार घोटणाऱ्यास ते कशासाठी घोटावयाचे हे या रचना दाखवितात. अलंकार म्हणजे धान्य आणि लहान रचना म्हणजे जेवण. एकावाचून दुसऱ्याचा उपयोग नाही.

या रचना वाजविताना आणखी काही धडे मिळतात. शेवटचे, सर्वांत बारीक स्वरांचे आवर्तन ज्या गतीने स्वच्छ वाजेल, तीच गती पहिल्या सोप्या आवर्तनास ठेवावी लागते. आरंभी उत्साहाने धावणारा शेवटी अडकतो. श्वास कोठे घ्यावयाचा हे आधी ठरवावे लागते, नाहीतर चालीच्या मध्येच वाक्य तुटते. प्रत्येक स्वराचा आरंभ जिभेच्या हलक्या स्पर्शाने, ‘त’ किंवा ‘द’ मनात उच्चारल्याप्रमाणे, करावा लागतो. बोटे छिद्रांपासून फार उंच उचलू नयेत. जितके अंतर थोडे तितकी गती सहज. आणि जेथे बोट चुकते तेवढेच दोन-चार स्वर वेगळे काढून संथपणे पुन्हा पुन्हा वाजवावेत. एका झटक्यात काही येत नाही. पण स्वर धरून पुढे जाणाऱ्याला सर्व काही येते.

फान आयक २६ मार्च १६५७ रोजी निवर्तले. डोम मनोऱ्यावर हेमोनी बंधूंच्या सुरेल घंटांचा संच चढला तो त्यानंतर, इ. स. १६६४ च्या सुमारास. ज्या ज्ञानातून त्या घंटा घडल्या ते त्यांचे होते. पण आपल्या मनोऱ्यावर त्या वाजविण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. अठराव्या शतकात त्यांचा तो पावाही मागे पडला आणि लोक त्याला विसरले. विसाव्या शतकात आर्नोल्ड डोल्मेच यांच्यासारख्या कारागिरांनी तो पुन्हा घडविला आणि अनेक देशांतील शाळांतून मुले तो वाजवू लागली. तेव्हा या वाद्यासाठी उत्तम संगीत शोधताना वादकांच्या हाती पुन्हा तेच वेणूंचे नंदनवन आले. आजही पाव्याचे विद्यार्थी त्यातील लहान रचनांवर आपली बोटे घडवितात.

विद्यार्थिमित्रहो, फान आयक यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. प्रत्येक चाल प्रथम कानात साठवून, मगच त्यांनी ती बोटांत उतरविली. आपण पुस्तक उघडून डोळ्यांनी स्वर वाचतो, परंतु आपण वाजविलेला स्वर खरोखर ऐकतो का? उद्या सरावास बसाल तेव्हा पहिला षड्ज लावून क्षणभर डोळे मिटा आणि तो स्थिर आहे की नाही ते ऐका. उत्रेख्तच्या त्या आवारात सायंकाळी जो पावा वाजत होता, त्याचा पहिला धडा एवढाच होता.