भुताच्या गाण्यामागची बाई

मैत्रिणींनो, अमरावतीत कुणाला पत्ता सांगायचा झाला की आपण काय सांगतो? राजकमल चौक, चित्रा चौक, श्याम चौक, प्रभात चौक. ही सगळी टॉकीजची नावं. कुठली टॉकीज चालू राहिली, कुठली बंद पडली, पण नाव चौकाला चिकटलं ते चिकटलंच. एकेकाळी सी.पी.-बेरारसाठी पिक्चर घेणाऱ्या वितरकांच्या कचेऱ्याही अमरावतीतच होत्या. नवा पिक्चर लागला की अकोट, दर्यापूर, अचलपूरकडून बाया-माणसं लेकराबाळांसकट यायची.

आमची आजीही अशीच एकदा आली होती. अकोटकडच्या खेड्यातून, नात्यातल्या चार बायांबरोबर. साल १९६२ नसेल तर १९६३, आणि पिक्चर होता 'बीस साल बाद'. आजी घरी परतली ती गप्प होऊनच. पुढे कित्येक वर्षं दिवेलागणीनंतर घरात कुणी त्यातलं 'कहीं दीप जले कहीं दिल' गुणगुणलं की ती हातातलं काम टाकून ओरडायची. आम्हा पोट्ट्यांना वाटायचं, आजी भुताला भिते. खरी गोष्ट वेगळीच होती. ती सांगतेच, पण आधी ज्या माणसानं हा पिक्चर काढला त्याची ओळख करून घेऊ. या माणसाला आपण सगळ्या ओळखतो, पण आवाजानं. हेमंतकुमार.

हेमंत मुखोपाध्याय यांचा जन्म १६ जून १९२० चा, काशीतला, आजोळी. लहानाचे मोठे झाले कलकत्त्यात. घर साधं मध्यमवर्गीय. मुलानं इंजिनियर व्हावं अशी वडिलांची इच्छा, म्हणून जादवपूरला तांत्रिक शिक्षणासाठी नाव घातलं. पण पोराचं चित्त गाण्यात. शाळेतला मित्र सुभाष मुखोपाध्याय, जो पुढे बंगालीतला मोठा कवी झाला, त्याच्या खटपटीनं ते रेडिओवर गायले. १९३७ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली आणि इंजिनियरिंग सुटलं ते सुटलंच. वडील नाराज झाले, पण मुलगा मागे फिरला नाही.

एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. तरुणपणी हेमंतकुमार कथाही लिहायचे. 'देश' या नावाजलेल्या बंगाली साप्ताहिकात त्यांची कथा छापून आली होती. कथेची ही आवड गाण्याच्या गडबडीत मागे पडली, पण गेली नाही. १९४५ मध्ये त्यांचं लग्न झालं. पत्नी बेलाबाई, त्याही गायिका. पुढे निर्माता म्हणून पहिली संस्था काढली तेव्हा हेमंतकुमारांनी तिला दोघांचं मिळून नाव दिलं, हेमंता-बेला प्रॉडक्शन्स. त्या काळी बायकोचं नाव असं पाटीवर लावणारे नवरे किती होते, तुम्हीच सांगा!

मुंबईत ते आले 'आनंदमठ'साठी. हा पिक्चर १९५२ चा. त्यातलं लताबाईंच्या आवाजातलं वंदे मातरम् आजही अंगावर काटा आणतं. मग १९५४ मध्ये 'नागिन' आला आणि अख्खा देश डोलू लागला. लोकांना वाटलं, काय बीन वाजवली आहे! प्रत्यक्षात ती बीन नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाचं वाद्य आणि रवी यांनी हार्मोनियम वाजवून तो आवाज काढला होता. हे दोघेही पुढे मोठे संगीतकार झाले. 'नागिन'च्या संगीतासाठी हेमंतकुमारांना फिल्मफेअर मिळालं. आवाज खरा असो की बनवलेला, ऐकणाऱ्याच्या काळजाला तो खरा वाटला पाहिजे, ही त्यांची हातोटी. भुताच्या पिक्चरमध्ये ती फार कामी आली.

आता मूळ गोष्टीकडे वळू. इंग्लंडचे आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्स हा गुप्तहेर जन्माला घातला. त्याची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी १९०१-०२ मध्ये एका मासिकातून क्रमशः आली. ओसाड माळ, धुकं, माणूस गिळणारी दलदल, जुना वाडा आणि घराण्याला लागलेला शाप. त्या घराण्याच्या मागे एक अक्राळविक्राळ कुत्रा लागलेला आहे अशी समजूत. शेवटी होम्स छडा लावतो. कुत्रा खराच निघतो, फक्त त्याला चकाकणारं रसायन फासलेलं असतं. करणारा माणूसच असतो आणि कारण असतं इस्टेट.

या गोष्टीवर हेमंतकुमारांचा हात आधीच फिरलेला होता. १९५१ मध्ये दिग्दर्शक अजय कर यांनी तिच्यावर 'जिघांसा' हा बंगाली पिक्चर काढला आणि त्याचं संगीत हेमंतकुमारांनी केलं. पुढे १९५९ मध्ये ते स्वतः निर्माते झाले. पहिला पिक्चर होता 'नील आकाशेर नीचे'. महादेवी वर्मांच्या लिखाणावर आधारलेली, कलकत्त्यातल्या एका गरीब चिनी फेरीवाल्याची ती गोष्ट, दिग्दर्शक मृणाल सेन. त्यानंतर हिंदीत गीतांजली ही संस्था सुरू झाली आणि हिंदी पिक्चरसाठी त्यांनी हीच भुताची गोष्ट निवडली. नाव ठेवलं 'बीस साल बाद'.

विचार करा, गाण्यात चांगलं चाललेलं होतं. 'प्यासा'त गाऊन झालं होतं, मान होता, पैसा होता. असं असताना पदरचे पैसे घालून पिक्चर काढणं म्हणजे जुगारच. त्यात दिग्दर्शक बीरेन नाग हे मुळात कलादिग्दर्शक, सेट उभारणारे. नायक विश्वजित बंगालचा, हिंदीत अगदी नवखा. नावाजलेली अशी एकच, वहिदा रहमान. तीन वर्षांपूर्वी, १९५९ मध्ये, इंग्लंडच्या हॅमर कंपनीनं याच कादंबरीवर रंगीत भयपट काढला होता. आपल्याकडचा पिक्चर मात्र काळा-पांढरा. पण सेट उभारणाऱ्या माणसालाच दिग्दर्शक केल्याचा फायदा असा झाला की हवेली, जिने, अंधार, धुकं हेच जणू पिक्चरमधलं एक पात्र झालं. वर विनोदाला असित सेन यांचा गोपीचंद जासूस. होम्सचा रुबाब गेला, त्याच्या जागी हसवणारा गुप्तहेर आला. लोक थोडे हसले की पुढचं भ्या दुप्पट वाटतं, हे आपल्या कीर्तनकारालाही ठाऊक असतं.

पण खरा बदल वेगळाच आहे, आणि तो आपण बायांनी नीट पाहावा असा आहे.

मूळ कादंबरीत शापाची सुरुवात एका मुलीपासून होते. बास्करव्हिल घराण्यातला एक माजोरडा पूर्वज एका शेतकऱ्याच्या पोरीला उचलून आणतो आणि माडीवरच्या खोलीत कोंडतो. ती वेलीला धरून खाली उतरते आणि रात्री माळावरून घराकडं धावत सुटते. तो कुत्री सोडून तिच्या मागं लागतो. भीतीनं आणि थकव्यानं त्या पोरीचा जीव जातो, आणि तो राक्षसी कुत्रा त्याचा गळा फोडतो. बस्स! दोनेक पानांत ती पोर संपते. पुढच्या सगळ्या पुस्तकात चर्चा कुत्र्याची, वारसाची, इस्टेटीची. त्या पोरीचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही.

'बीस साल बाद'मध्ये तो कुत्राच काढून टाकला आहे. त्याच्या जागी येते ती पोर. ठाकुराच्या वासनेला बळी पडून जीव दिलेली गावातली मुलगी. हवेलीच्या माणसांना भ्या वाटतं ते तिचं. दलदलीकडून ऐकू येतो तो बाईचा आवाज. त्या घराण्याचा तरुण वारस परदेशातून हवेलीत राहायला येतो आणि तो आवाज त्याला ओढत नेतो. शेवटी इथंही भूत निघत नाही, माणूसच निघतो. कोण ते सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांची मजा जाईल. पण एवढं सांगते की खुनामागचं कारण इस्टेट नाही. कारण आहे त्या पोरीवर झालेला अन्याय. डॉयलनं जिला दोन पानांत संपवली, तिला या पिक्चरनं मधोमध आणून उभी केली.

आणि तो आवाज कुणाचा, तर लताबाईंचा. त्याचीही एक हकिगत आहे. त्या दिवसांत लताबाई फार आजारी होत्या. कित्येक महिने गाणं बंद, पुन्हा गाता येईल की नाही याचीच धास्ती. हेमंतकुमार त्यांच्या घरी गेले. लताबाईंच्या आई, माई मंगेशकर, पोरीला बाहेर पाठवायला तयार होईनात. हेमंतकुमारांनी माईंना शब्द दिला की जरा जरी त्रास वाटला तरी लगेच घरी आणून सोडीन. असं आईला विचारून, जपून नेऊन त्यांनी ते गाणं करून घेतलं. आजारानंतर आपण पहिल्यांदा गायलो ते हेच गाणं, असं लताबाईंनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. ज्या आवाजानं अख्ख्या देशाला घाबरवलं, तो आवाज नुकता अंथरुणातून उठलेला होता बाप्पा! १९६३ मध्ये या गाण्यासाठी लताबाईंना आणि गीतकार शकील बदायुनींना, दोघांनाही फिल्मफेअर मिळालं. पिक्चर तर त्या वर्षी सगळ्यात जास्त चाललेल्यांपैकी एक ठरला.

पैसा आला, आणि पुढच्या धाडसात गेलाही. १९६४ मध्ये हेमंतकुमारांनी 'कोहरा' काढला. डाफ्ने द्यू मोरिए या इंग्रज लेखिकेच्या 'रेबेका' कादंबरीवर तो बेतला होता. पुन्हा हवेली, पुन्हा मेलेल्या बाईची सावली आणि तिच्या घरात नव्यानं आलेली गरीब बायको. त्यात दाई झाली आपली ललिता पवार, नुसत्या नजरेनं धडकी भरवणारी. हा पिक्चर पहिल्याइतका चालला नाही. मग १९६९ ची 'खामोशी', बरं करता करता स्वतःच वेडी होणाऱ्या नर्सची गोष्ट. भूतबित नाही, तरी पाहून झोप येत नाही. या तिन्ही पिक्चरमध्ये वहिदा आहे, आणि तिन्हींत दुःख बाईचंच आहे. धंद्यात हेमंतकुमारांनी पुढे नुकसानही बरंच सोसलं, पण बायांच्या गोष्टी सोडल्या नाहीत.

आपल्या मराठीवरही त्यांचं ऋण आहे. शांता शेळके यांनी लिहिलेलं आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावलेलं 'मी डोलकर' लताबाईंबरोबर गाणारा तो खोल आवाज या बंगाली माणसाचाच. आणि गंमत पहा, १९७६ मध्ये आपल्या मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' हा भुताच्या भीतीचा पिक्चर आला, तर त्यातही आशाबाईंबरोबर एका गाण्याला आवाज हेमंतकुमारांचाच.

माणूस मात्र साधा राहिला. पद्मश्री आणि पद्मभूषण हे दोन्ही सन्मान त्यांनी नम्रपणे नाकारले. सप्टेंबर १९८९ मध्ये ढाक्याला सत्कार झाला, तिथं ते गायलेही. परत आले आणि २६ सप्टेंबरला कलकत्त्यात हृदयविकारानं गेले.

आता आजीची गोष्ट. तिच्या गावाच्या शिवेवर एक विहीर होती. दिवेलागणीनंतर तिकडं कुणी जायचं नाही, तिथं हडळ आहे, पैंजण वाजतात, असं सगळे सांगायचे. पिक्चर पाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून आजीनं माझ्या आईला पहिल्यांदा खरं सांगितलं. त्या विहिरीत एका नव्या सुनेनं जीव दिला होता. तिला घरात काय सोसावं लागत होतं ते गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आजीलाही ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. ती गेली, आणि गावानं तिला हडळ करून टाकलं. एकदा हडळ म्हटलं की मग कुणी विचारत नाही, तिनं विहिरीत उडी का घेतली.

म्हणून आजीला ते गाणं सोसवत नव्हतं. ती भुताला भीत नव्हती. तिला ती पोर आठवत होती.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावाशिवारात अशी एखादी विहीर, एखादं चिंचेचं झाड असेलच. भुताची गोष्ट लेकरांना जरूर सांगा, त्याशिवाय रात्री मजा नाही. पण सांगताना एवढं तरी त्यांच्या कानावर घाला की भूत होण्याआधी ती कुणाची तरी लेक होती. आणि आज तुमच्या शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज येत असेल, तर तो भास समजून खिडकी लावून घेऊ नका. जाऊन दार वाजवा.