न्यायाधीश दलीपसिंग सौंद

आपल्या देशात न्यायाधीशांची नेमणूक होते. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र लोक मते देऊन न्यायाधीश निवडतात. कॅलिफोर्निया राज्यातील वेस्टमोरलँड या लहानशा गावाने असाच एक न्यायाधीश निवडला. ते मूळचे पंजाबचे होते. त्यांचे नाव दलीपसिंग सौंद.

दलीपसिंगांचा जन्म १८९९ साली अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवड्डी या खेड्यात झाला. आईवडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण मुलाने खूप शिकावे असे त्यांना वाटे. १९१९ मध्ये पदवी घेऊन दलीपसिंग पुढच्याच वर्षी अमेरिकेला गेले. फळे टिकवण्याची विद्या शिकून मायदेशी परतावे, असा त्यांचा बेत होता. परंतु बर्कलेच्या विद्यापीठात त्यांचे मन गणितात रमले. १९२४ मध्ये त्यांनी गणितातील डॉक्टरेट मिळवली.

एवढे शिकूनही त्यांना अध्यापकाची नोकरी मिळाली नाही. भारतीयांना अमेरिकेचे नागरिक होता येणार नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये दिला होता. कॅलिफोर्नियात अशा लोकांना स्वतःच्या नावावर शेतजमीन घेण्याचीही बंदी होती. मग हे गणिताचे डॉक्टर इम्पीरियल खोऱ्यात गेले आणि कापूस वेचणाऱ्या मजुरांचे मुकादम झाले! पुढे त्यांनी तेथेच शेती केली.

पण अन्याय सोसून ते गप्प बसले नाहीत. भारतीयांना नागरिकत्व मिळावे म्हणून त्यांनी १९४२ मध्ये आपल्या बांधवांची संघटना उभारण्यास मदत केली. गावोगावी भाषणे दिली. अखेर १९४६ मध्ये कायदा बदलला आणि डिसेंबर १९४९ मध्ये दलीपसिंग अमेरिकेचे नागरिक झाले.

१९५० च्या नोव्हेंबरात ते वेस्टमोरलँडच्या न्यायाधीशपदासाठी उभे राहिले आणि निवडूनही आले. तरी ते पद त्यांना मिळाले नाही. निवडून येणारा माणूस किमान एक वर्ष नागरिक असावा, असा नियम होता. दलीपसिंगांना वर्ष पुरे व्हायला थोडेच दिवस कमी पडले. जिंकलेली निवडणूक अशी हातची गेली. दुसरा एखादा निराश झाला असता. दलीपसिंगांनी १९५२ मध्ये पुन्हा अर्ज भरला.

प्रचाराच्या दिवसांत एका माणसाने चारचौघांत त्यांची थट्टा केली. तुमच्या न्यायालयात येताना आम्ही पगड्या विकत घ्यायच्या, की तुम्हीच देणार, असे त्याने विचारले. दलीपसिंग रागावले नाहीत. माणसाच्या डोक्यावर काय आहे यापेक्षा डोक्यात काय आहे हेच मी पाहतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. ऐकणारे हसले, पण आता थट्टेखोराला! या वेळी दलीपसिंग निवडून आले आणि न्यायासनावर बसले. गावातील जुगाराच्या अड्ड्यांना त्यांनी चांगलाच चाप लावला.

१९५६ मध्ये त्याच भागातील मतदारांनी त्यांना अमेरिकेच्या संसदेत पाठवले. तेथे निवडून गेलेले ते पहिले आशियाई होत. मग त्यांनी न्यायाधीशपद सोडले. संसदेवर ते तीनदा निवडून आले. १९६२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. कॅलिफोर्नियातील टेमेक्युला गावच्या टपाल कार्यालयाला २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.