शब्दांचे अर्थ शोधणारा शिक्षक : सर जेम्स मरे

इंग्रजी भाषेच्या सर्वांत मोठ्या शब्दकोशाचा पाया ज्यांनी घातला, त्यांचे शालेय शिक्षण चौदाव्या वर्षीच थांबले होते, आणि त्यांच्या घरात बोलली जाणारी भाषाही ग्रंथांतील इंग्रजी नव्हती. जेम्स मरे यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८३७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळील डेनहोम या खेड्यात झाला. वडील शिंपीकाम करीत. मुलाला पुढे शिकवण्याची त्यांची ऐपत नव्हती. घरात आणि गावात सीमाभागातील स्कॉट्स बोली चाले. तरीही वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत या मुलाने लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन या भाषांशी ओळख करून घेतली होती.

सतराव्या वर्षी मरे जवळच्या हॉइक गावी शिक्षक झाले आणि विशीतच एका शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांच्याकडे आले. मात्र हे सुख टिकले नाही. तान्ही मुलगी दगावली, पत्नीला क्षयाने ग्रासले. हवापालटासाठी १८६४ मध्ये ते लंडनला गेले आणि चार्टर्ड बँक ऑफ इंडिया या बँकेत कारकून म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. बँकेत जाता-येताना ते हिंदुस्थानी आणि प्राचीन फारसी यांचा अभ्यास करीत. आपल्याला अवगत असलेल्या भाषांची लांबलचक यादी देऊन त्यांनी ब्रिटिश म्युझियमकडे नोकरीसाठी अर्ज केला. तो मान्य झाला नाही. पुढे त्यांनी दुसरा विवाह केला आणि १८७० मध्ये लंडनजवळच्या मिल हिल शाळेत ते पुन्हा अध्यापनाकडे वळले.

विद्वानांत त्यांचे नाव झाले ते १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे. त्या ग्रंथाचा विषय होता दक्षिण स्कॉटलंडची बोली, म्हणजे त्यांची स्वतःची मायबोली. आईच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांकडे त्यांनी शास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहिले, आणि त्याच वाटेने ते इंग्रजीच्या महाकोशापर्यंत पोहोचले. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने अशा कोशाचा संकल्प पूर्वीच सोडला होता. पण काम रेंगाळले होते. १ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशी करार झाला आणि संपादकपद मरे यांच्याकडे आले. दहा वर्षांत काम पूर्ण होईल, असा त्या वेळी अंदाज होता.

आधी जमवलेल्या चिठ्ठ्यांची पोती मरे यांच्या घरी येऊन पडली. त्यांचे वजन सुमारे दोन टन भरले. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला. एका अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीत सापडल्या, तर आणखी काही आयर्लंडमध्ये विस्तव पेटवण्यात खर्ची पडल्या होत्या. मरे यांनी शाळेच्या आवारात लोखंडी पत्र्यांची एक खोली उभारली, भिंतींना हजारावर कप्पे केले आणि वाचकांना मदतीचे आवाहन केले. प्रत्येकाने पुस्तक वाचावे, एक शब्द निवडावा, तो ज्या वाक्यात आला ते संपूर्ण वाक्य चिठ्ठीवर उतरवावे आणि लेखक, ग्रंथ, वर्ष व पृष्ठ नोंदवून ती पाठवावी. शब्दाचा अर्थ आधी ठरवून मग उदाहरण शोधायचे नाही. उदाहरणे समोर मांडून त्यांतून अर्थ वाचायचा, अशी ही पद्धत होती.

येथे एक अडचण उभी राहिली. वाचकांना दुर्मीळ आणि भारदस्त शब्दांचेच आकर्षण होते. ‘अब्यूजन’ या विस्मृतीत गेलेल्या शब्दाची सुमारे पन्नास उदाहरणे जमली. पण ‘अब्यूज’ या रोजच्या शब्दाची पाचही मिळाली नाहीत. भाषेचा भार साधे शब्द वाहतात आणि त्यांच्याच अर्थछटा उलगडणे सर्वांत कठीण असते, हे मरे जाणून होते. म्हणून साध्या शब्दांसाठी त्यांना सहकाऱ्यांसह पुन्हा शोध घ्यावा लागला.

पहिला भाग १ फेब्रुवारी १८८४ रोजी निघाला. ठरलेल्या मुदतीची निम्मी वर्षे सरली होती आणि कोश ‘अँट’ या शब्दापर्यंतच पोहोचला होता. पुढच्या वर्षी शाळेची नोकरी सोडून मरे ऑक्सफर्डला आले. तेथेही बागेत तशीच पत्र्याची खोली उभी राहिली. ती दमट आणि थंड होती. त्यांना अकरा अपत्ये होती. खाऊच्या पैशांसाठी ही मुले चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावीत. पत्रव्यवहार इतका वाढला की टपाल खात्याने घरासमोरच पत्रपेटी बसवली. त्यांनी स्वतः संपादित केलेल्या अक्षरांत ‘जे’ हे अक्षर होते. त्यात आपल्याकडून इंग्रजीत गेलेला ‘जंगल’ हा शब्दही आहे.

१९०८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाने मात्र सन्माननीय पदवी दिली ती १९१४ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम एक वर्ष आधी. ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत कोश पूर्ण व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. २६ जुलै १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा ‘टी’ हे अक्षर त्यांच्या हाती होते. सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये कोश पूर्णत्वास नेला. त्यात ४,१४,८२५ शब्द आणि १८ लाखांहून अधिक उदाहरणे होती. जवळजवळ निम्मे काम एकट्या मरे यांचे होते.

वहीच्या एका बाजूला कठीण शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्याचा अर्थ लिहून पाठ करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे मरे यांनी एक तिसरा रकाना ठेवला आहे. तो शब्द कोणत्या वाक्यात भेटला, हे त्या रकान्यात लिहायचे असते. शब्द वाक्यासह मनात राहिला, तर तो परका राहत नाही. आणि मायबोलीच्या शब्दांकडे प्रेमाने व नेमकेपणाने पाहण्याची ज्याला सवय लागली, त्याला दुसऱ्या भाषेचे दार बंद नसते, याची साक्ष डेनहोमच्या शिंप्याच्या या मुलाचे आयुष्य देते.