दिल्ली दरबारात खादी घालून गेलेला वकील : सार्वजनिक काका जोशी

तिगाव : २५ जुलै ही गणेश वासुदेव जोशी यांची पुण्यतिथी. या नावाने त्यांना आज कमीच लोक ओळखतात. सार्वजनिक काका म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली एक ओळ आठवते, पुणे सार्वजनिक सभा, स्थापना १८७०, आणि तिथेच विषय संपतो. पण या माणसाने आपल्याकडच्या कारागिराचं कापड अंगावर घालून गावोगाव आणि थेट दिल्लीच्या दरबारापर्यंत नेलं, तेही गांधीजींच्या चरख्याच्या कितीतरी आधी. हा भाग पुस्तकात दोन शब्दांत उरकला जातो.

काकांचा जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. सुरुवातीला सरकारी नोकरी केली. ती सुटल्यावर वकिलीची परीक्षा दिली आणि पुण्यात वकिली जमवली. पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, त्यात काका पुढे झाले. पण लोकांच्या वतीने बोलायचं तर लोकांनी तसा अधिकार दिलेला असावा, हे वकिलाच्या डोक्यात पक्कं होतं. त्यातूनच २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. सभासद व्हायचं तर पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. काका तिचे चिटणीस. सभेच्या कामासाठी इतके फिरले, इतक्यांच्या घरी गेले, की लोकांनी त्यांचं नावच सार्वजनिक काका करून टाकलं.

त्या काळी बाजारात मँचेस्टरच्या गिरण्यांचं कापड भरलेलं होतं. ते स्वस्त होतं, दिसायला तलम होतं. गावातल्या कोष्ट्याचा माग बंद पडत होता, सूत कातणाऱ्या बायकांचं काम गेलं होतं. न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये पुण्यात आले आणि देशी व्यापारावर व्याख्यानं देऊ लागले. देशातला पैसा कसा बाहेर जातो, हा हिशोब ते मांडत. काकांनी तो हिशोब स्वतःच्या घरात लागू केला. १८७२ पासून देशी कापडच वापरायचं असं व्रत घेतलं आणि रोज स्वतः सूत कातायला बसू लागले. वकिलीत बऱ्यापैकी मिळवणारा, चार प्रतिष्ठितांत ऊठबस असलेला माणूस जाडंभरडं कापड घालतो, हे तेव्हा लोकांना विचित्रच वाटलं असणार. गरिबाने जाडंभरडं घातलं तर त्याकडे कोण बघतं? वकिलाने घातलं की लोक विचारतात, हे कुठून घेतलं. जाहिरात म्हणून याहून स्वस्त आणि चांगला उपाय शोधून सापडणार नाही.

पण नुसतं घालून भागत नाही. गिऱ्हाईक तयार झालं आणि माल कुठे मिळतो हेच ठाऊक नसलं, तर ते परत विलायती दुकानातच जाणार. म्हणून काकांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढलं. कापडासोबत शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असा रोजच्या वापराचा देशी माल तयार व्हावा, यासाठी खटपट केली. तो विकायला पुणे, सातारा, मुंबई, सुरत आणि नागपूर इथे सहकारी तत्त्वावर दुकानं उघडली गेली.

या यादीतलं नागपूर आपल्या भागासाठी महत्त्वाचं. तिगाव, पांढुर्णा, सौंसर हा पट्टा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूरच. राज्याची हद्द मधे आली ती १९५६ मध्ये. आपल्याकडे तेव्हा रेल्वे नव्हती, पण नागपूरला ती १८६७ मध्येच मुंबईकडून पोचली होती. रेल्वेचा फायदा दोन्हीकडून विलायतेलाच झाला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बाहेर जाऊ लागला आणि विलायती कापड आतपर्यंत येऊ लागलं. कापूस इथला, कापड तिथलं, आणि मधला सगळा नफा तिसऱ्याचा. अशा ठिकाणी देशी मालाचं दुकान मांडणं म्हणजे पुराच्या तोंडावर बांध घालण्यासारखंच होतं, पण काकांनी ते केलं.

घरातूनही त्यांना साथ होती. पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात बायकांसाठी स्त्रीविचारवती सभा चालवली. हळदीकुंकवाला वेगवेगळ्या जातींच्या बायकांना एकत्र बोलवायचं, हे त्या काळी सोपं नव्हतं. काका पुरुषांच्या सभांमधून फिरत होते, सरस्वतीबाई हळदीकुंकवातून बायकांना जोडत होत्या. घरात कोणतं कापड यायचं हे शेवटी बायकाच ठरवतात, म्हणून हे काम छोटं समजू नये.

मग आला १ जानेवारी १८७७. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवला. राजेरजवाडे हत्ती, जडजवाहीर, जरीचे पोशाख घेऊन आले. दख्खनमध्ये त्याच वेळी भीषण दुष्काळ पडलेला. दुष्काळात माणूस आधी कापड घेणं थांबवतो, त्यामुळे विणकरांची उपासमार लवकर सुरू होते. सार्वजनिक सभेचे लोक गावोगावची हकिगत गोळा करून सरकारपुढे मांडत होते. अशा वेळी सभेचा प्रतिनिधी म्हणून काका दिल्लीला गेले, ते हाताने कातलेल्या सुताच्या शुभ्र खादीत. सगळ्या देशातले संस्थानिक, वर्तमानपत्रवाले, पुढारी जिथे जमले होते, तिथे काकांच्या अंगावर फक्त विणकराचं कापड. त्यांनी तिथे सभेतर्फे मानपत्रही सादर केलं. मानपत्र पुढे कुठल्या कपाटात गेलं असेल कोण जाणे, पण त्या कपड्यांची आठवण राहिली.

योगायोग असा की त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ ला, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. नावसुद्धा त्याच सम्राज्ञीवरून. तीही देशी माणसाचीच गिरणी, पण यंत्राची. पुढे नागपूरच्या कोष्टी मोहल्ल्यांतल्या मागांवर गिरणीचं सूत चढलं आणि घरी सूत कातणाऱ्यांचा प्रश्न होता तिथेच राहिला. काकांचा राग विलायती मालावर होता, देशी गिरणीवर नाही. आज हातमाग आणि देशी पॉवरलूम यांच्यात विणकराची जी ओढाताण चालते, तिचं उत्तर काकांकडे शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही.

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. पुण्यात त्यांचं वकीलपत्र घ्यायचं म्हणजे सरकारच्या डोळ्यांवर यायचं. काकांनी ते घेतलं. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवलं. त्याच वर्षी लिटनने मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांसाठी, स्वतःच्या मंडळातल्या बहुमताचंही न ऐकता, विलायतेतून येणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरची जकात उठवली. म्हणजे ज्या जाड कापडावर गावचा विणकर अजून कसाबसा तग धरून होता, घाव नेमका तिथेच बसला.

२५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी काका गेले. बंगालची स्वदेशी चळवळ तेव्हा पंचवीस वर्षं लांब होती आणि मोहनदास गांधी काठेवाडात दहा वर्षांचे होते. काकांना जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात १८८२ मध्ये सरकारने विलायती कापडावरची उरलेली जकातही काढून टाकली.