रंग चुकले, रेघ नाही

मोबाइलच्या स्क्रीनवर पाण्याचा बारीक थेंब पडला की कधी नीट बघितलंय? आत लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. घरच्या टीव्हीचंही तेच. एलसीडी पडद्यात मागे पांढरा दिवा असतो, पुढे लिक्विड क्रिस्टलचा पातळ थर. वीज कमी-जास्त होईल तसा हा थर प्रकाश सोडतो किंवा अडवतो. मग तो प्रकाश तीन रंगांच्या फिल्टरमधून बाहेर येतो. फुल एचडी पडद्यावर अशी २० लाखांहून जास्त त्रिकुटं असतात. गंमत म्हणजे पिवळा ठिपका एकही नसतो! लाल आणि हिरवा शेजारी-शेजारी उजळले की आपल्याला पिवळा दिसतो. कारण डोळ्यातही रंग टिपणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या.

त्यातला एखादा प्रकार कच्चा निघाला, तर रंगांची गफलत होते.

अशी गफलत होणारा एक मुलगा १८८५ मध्ये चित्रकार व्हायला मुंबईला गेला. वडिलांचं न ऐकता जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. दोन वर्षांनी कळलं, काही रंग त्याला ओळखताच येत नाहीत. तुमचं सगळं स्वप्न असं एका फटक्यात गेलं तर काय कराल? त्याने रंग सोडले, पेन्सिल नाही सोडली. तो यंत्रांची ड्रॉइंग शिकला. तिथे लागते रेघ, कोन आणि माप. त्याच जोरावर आजच्या व्हीजेटीआयमध्ये तो शिकवू लागला.

हे लक्ष्मणराव किर्लोस्कर. पुढे बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान काढलं, कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी नांगराला हात लावेनात. लक्ष्मणराव मागे हटले नाहीत. बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. हे राजे स्वतः चित्रकार! त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगलीत. १९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले, देशात टीव्ही यायच्या तीन वर्षं आधी.

रंगांची चाचणी आजही अनेकांना पायलट किंवा रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरच्या नोकरीतून बाद करते. तुमच्या ग्रुपमध्ये असं कुणी असेल, तर त्याला या माळावर एकदा घेऊन जा.